तलवारीची बैठक

रूबेन लार्टरला वेन्सबरीत सगळे ओळखायचे, पण त्याच्याशी कुणी फार बोलायला जात नसे, कारण तो उत्तरं द्यायचा. "आज फारच उकडतंय, नाही?" असं कुणी सहज म्हटलं, की हा म्हणणार, "भट्टीपाशी येऊन उभा राहा, बाहेर गेल्यावर गार वाटेल." पाद्रीबुवांच्या बायकोनं एकदा फुलदाणीसाठी तिवई करून मागितली, "नाजूक हवी हं" असं तीनदा बजावून. यानं तिवई केली, वर स्वतः चढून उभा राहिला आणि म्हणाला, "आता तुमची फुलं किती वजनाची आहेत ते सांगा."

मी पर्सी मोब्ज. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, म्हणून मला त्याची उत्तरं खायची सवय होती. मी तीस वर्षं गावात टपाल वाटलं आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं मेयरचा तलवारधारी होतो. म्हणजे सणासुदीला लाल झगा घालायचा, केसाळ टोपी चढवायची आणि गावाची मानाची तलवार उभी धरून मेयरच्या पुढे चालायचं. टोपी कुणासमोर काढायची नाही, चर्चमध्येसुद्धा नाही, हा आमचा जुना मान. रूबेन म्हणायचा, "पर्सी, टोपीखाली काही असतं तर काढली असतीस." असो.

रूबेनची भट्टी नदीकाठी, गावाच्या खालच्या अंगाला. बापापासून चालत आलेली. बापलेकांनी मिळून अर्ध्या गावाला लोखंड पुरवलं होतं. बागेचं मोठं फाटक, शाळेचं कुंपण, धर्मशाळेत राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या सज्जाचा कठडा, सेंट क्लेमंट चर्चच्या भोवतीचे गज, प्रत्येक गजाच्या डोक्यावर कमळाच्या कळीसारखं टोक, आणि एकाही टोकाचा साचा दुसऱ्यासारखा नाही. बापानं डाव्या बाजूची टोकं केली, रूबेननं उजव्या बाजूची. कुठली चांगली यावर बाप मरेपर्यंत दोघांचं भांडण चाललं होतं.

यातलं आज काही नाही. चाळीस साली युद्धाच्या वेळी सरकारनं सांगितलं, लोखंड द्या, रणगाडे करायचेत. गावातल्या बायांनी समिती केली. तिच्या पुढारी होत्या डोरीन गूच, मासळीवाल्या. वही घेऊन दारोदार हिंडल्या, सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. त्या वेळी सही न करणारा हिटलरचा मेहुणा ठरला असता. आता एवढं लोखंड कापायचं कुणी? हत्यारं आणि हात एकाच माणसाकडे होते. डोरीनबाईंनी रूबेनच्या हातात यादी दिली आणि त्यानं तीन आठवड्यांत आपलं नि आपल्या बापाचं सगळं काम आपल्याच करवतीनं कापून काढलं. कळीची टोकं त्यानं कशी कापली ते मी पाहिलंय. एक उत्तर दिलं नाही कुणाला.

पुढे ते लोखंड स्टेशनामागे पडून राहिलं. युद्ध संपलं तेव्हा त्यात खाजकुयरीसारखी पुरुषभर उंच झुडपं माजली होती. ते रणगाड्याला चालण्याजोगं नव्हतंच म्हणे. खरंखोटं सरकार जाणे. पण रूबेनसमोर हा विषय कुणी काढत नसे. कट्ट्यांवर गजांचे बोटभर खुंट तेवढे उरले होते आणि त्यांवर बायकांचे झगे फाटायचे.

त्यानंतर रूबेननं कुळवाचे दात केले, बिजागऱ्या केल्या, शेकोटी उकरायच्या सळ्या केल्या. शोभेचं म्हणून काही केलं नाही. सदुसष्टाव्या वर्षी त्याच्या उजव्या मनगटानं दगा द्यायला सुरुवात केली आणि भट्टी विझवायची असं त्यानं ठरवलं.

तेवढ्यात, सत्तावन्न सालच्या मे महिन्यात, डोरीन गूच मेयर झाल्या.

आमच्याकडे नवा मेयर पहिल्या रविवारी आपल्या वस्तीतल्या चर्चमध्ये वाजतगाजत जातो. त्याच्या बाकापुढे लोखंडाची उंच बैठक असते, वर कडी, खाली वाटी. पहिलं भजन चालू असतानाच मी तलवार टोक वर करून कडीत सरकवायची, मुठीच्या शेवटचा गोळा वाटीत टेकवायचा आणि शेवटच्या भजनाला उचलून पुढे चालायला लागायचं. तलवार पुढे असल्याशिवाय मेयर चर्चमधून पाऊल बाहेर टाकत नाही. वरच्या अंगाच्या दोन्ही चर्चमध्ये अशा बैठका आहेत, सोनेरी वर्खाच्या, वेलबुट्टीच्या. सेंट क्लेमंटमध्ये नव्हती, कारण नदीकाठच्या वस्तीतून मेयर कधी झालाच नव्हता. तिथून मासळी यायची, धुणं यायचं, मेयर नाही.

नगरसभेचे जुने सभासद आल्डरमन टटल म्हणाले, "नॉरिचला एक मोठं दुकान आहे, त्यांच्याकडून मागवू. कामं सुबक असतात."

मेयरबाई म्हणाल्या, "मला लार्टरच्या हातची हवी."

"तो चॅपलवाला आहे, बाई. चर्चमध्ये पाय ठेवत नाही."

"मला त्याचे हात हवेत, पाय नकोत."

टटल म्हणाले ते मात्र खरं होतं. रूबेन जन्माचा चॅपलवाला, म्हणजे बिनथाटाच्या साध्या पंथाचा. मेणबत्त्या, झगे, गुडघे टेकणं हे सगळं त्याच्या मते देवाला लाच देणं होतं. आणि बायको, हिल्डा, सेंट क्लेमंटमधली पितळी भांडी घासणारी. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. दर रविवारी दोघं हातात हात घालून घरातून निघायची, पाणपंपाच्या कोपऱ्यावर हात सोडायची आणि ती डावीकडे चर्चला, तो उजवीकडे चॅपलला.

मेयरबाई भट्टीवर गेल्या तेव्हा मी सोबत होतो. त्यांनी काम सांगितलं. रूबेन ऐरणीकडे बघत म्हणाला, "मेयरनं गुडघ्यांवर तलवार धरून बसावं. देवाला चालेल."

"देवाला चालेल, टटलना चालायचं नाही."

त्यावर तो हसला. मग म्हणाला, "आणि पुढच्या लढाईत?"

बाईंचा चेहरा पडला. "चर्चच्या आतलं कुणी नेत नाही, रूबेन. तेव्हाही नेलं नव्हतं."

"हं," तो म्हणाला. "तलवार मापाला पाठवा."

आता माझा पराक्रम ऐका. मानाची, लाल मखमलीची तलवार तिजोरीत असते आणि ती मेयरच्या पुढे सोडून कुठे जात नाही. मापासाठी बाहेर काढायची तर अर्ज करा, त्याच्या तीन प्रती काढा, चिटणीस क्रोमरहून सुट्टी संपवून यायची वाट पाहा. पण गावाकडे दुसरी एक तलवार आहे, काळ्या मखमलीची, राजाच्या घरी सुतक असलं की काढायची. ती माझ्याच कपाटात, झग्याशेजारी. मी म्हटलं, तलवारीसारखी तलवार, कोण बघतंय? गोणपाटात गुंडाळली आणि सायकलवरून नेली.

"काळी कशी?" रूबेननं विचारलं.

"वरची खोळ बदलतात. आत सगळं तेच."

"हीच ना नक्की?"

"अरे हीच. मी धरतो का तू धरतोस?"

मित्रापाशी खोटं बोललो, आणि तेही आळसापायी. रागाच्या भरात बोललो असतो तर निदान सांगायला तोंड तरी असतं.

सहा आठवडे त्यानं मनगटाला चामडं बांधून काम केलं. पहिला रविवार त्यासाठी जुलैपर्यंत पुढे ढकलला, त्यावरून टटलनी किती नाकं मुरडली ते विचारू नका. मी टपाल टाकून येता-जाता डोकावायचो. दोन गज पिळून वर नेलेले, मध्ये नदीकाठच्या लव्हाळ्यांची पाती, एक पातं दुसऱ्यात अडकवलेलं, आणि माथ्यावर मेयरबाईंच्या नावाची ढाल, तिच्या खाली एवढीशी हेरिंग मासळी. वाटी तर त्यानं तलवारीच्या गोळ्याला अशी बसवली होती, की हलवली तर आवाज नाही.

"सैल कशाला?" तो म्हणाला. "वाजायला लागली तर पाद्र्याची झोप मोडेल."

मी ढालीखालच्या माशावरून बोट फिरवत होतो. तो एकदम म्हणाला, "पर्सी, माझं गावात दाखवायला काही नाही रे. हिल्डाच्या भाच्यांना मी सांगतो मी लोहार होतो, तर ते बिजागरीकडे बघतात. हे एक राहिलं म्हणजे पुरे."

असं तो कधी बोलत नसे. "राहील की," मी म्हटलं.

ते भाचे पंधरवड्यानं येणार होते आणि त्यानं त्यांना खास बैठक दाखवायचं कबूल केलं होतं, हेही मला माहीत होतं.

जुलैचा तो रविवार. सेंट क्लेमंट एवढं भरलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. वस्तीतली तीनशे माणसं, नव्या कपड्यांत, घरी ओव्हनमध्ये दुपारच्या जेवणाचं मांस भाजायला ठेवून आलेली. आदल्या दिवशी गड्यांनी उचलून आणून ठेवलेल्या बैठकीकडे बघून लोक कोपरानं एकमेकांना ढोसत होते. रूबेन आज नेहमीसारखा पंपापाशी उजवीकडे वळला नव्हता. तो बाहेर कबरस्तानाच्या कट्ट्यावर, खुंटांच्या मध्ये जागा बघून बसला होता. आत येणार नव्हता, पण घरीही जाववत नव्हतं.

पहिलं भजन लागलं. मी तलवार कडीतून सरकवली, गोळा वाटीवर टेकवला. तो जाईना. वाटीच्या काठावरच थांबला. तीनशे माणसं बघताहेत, टटल बघताहेत, भजनाचं शेवटचं कडवं आलंय. मी काय करावं? सगळं अंग टाकून दाबली. खट्कन आवाज झाला आणि बसली. मी टोपी सावरून मागे सरलो, जणू काही ठरल्याप्रमाणेच झालं होतं.

प्रवचन चाळीस मिनिटं झालं. मला त्यातला शब्द आठवत नाही. मी गोळ्याकडे बघत होतो. लाल तलवारीचा गोळा काळीच्या गोळ्यापेक्षा केसभर मोठा होता. केसभरच. पण रूबेनच्या वाटीत केसाला जागा नव्हती.

शेवटच्या भजनाला मी ओढली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. बैठक हलली, तलवार नाही. भजन संपलं. ऑर्गनवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लोक पुन्हा गायले. तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटलं होतं आणि मला घामानं टोपी जड झाली होती.

मेयरबाई वाकून कुजबुजल्या, "पर्सी, काय झालं?"

"अडकलीय."

"मग तलवारीशिवाय जाऊ."

टटल पुढच्या बाकावरून म्हणाले, "प्लेगच्या सालीसुद्धा मेयर तलवारीशिवाय गेला नाही, बाई. लोहाराला बोलवा."

मी बाहेर गेलो. रूबेन कट्ट्यावर पाय हलवत बसला होता.

"आटपलं?" त्यानं विचारलं.

"तलवार निघेना रे."

त्यानं पंपापलीकडे चॅपलच्या दिशेनं एकदा बघितलं, मग चर्चच्या दाराकडे. मग उतरला, बोळातून भट्टीवर गेला, हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि टोपी काढून सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा सेंट क्लेमंटच्या आत आला. ऑर्गन बंद पडला. हिल्डा बाकावरून अर्धवट उठली आणि तशीच राहिली.

तो गुडघ्यावर बसला. लाल मखमलीची मूठ बघितली, गोळा बघितला, अंगठा फिरवला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. मला वाटलं आता उत्तर येणार, आणि ते मी जन्मभर ऐकणार.

तो उठून टटलकडे वळला. "माप चुकलं," म्हणाला. "माझंच."

टटल म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं. आता कापा ती वाटी. बैठक उतरवा, नॉरिचहून दुसरी मागवू. आणि लवकर, लोक उपाशी आहेत."

वाटी दोन्ही गजांत एकजीव ठोकलेली. ती कापायची म्हणजे खालचा सगळा पीळ कापायचा. रूबेननं पिशवीतून करवत काढली. हात थरथरत नव्हता, तेच मला बघवेना. या माणसानं हे आधी केलं होतं, त्याला कसं करायचं ते ठाऊक होतं. त्यानं पातं लोखंडाला लावलं.

माझा हात डोक्याकडे गेला. मी टोपी काढली. टटलच्या बायकोनं "अग बाई" म्हटल्याचं ऐकू आलं.

"माप चुकलं नाही," मी म्हणालो. "मी सुतकाची तलवार नेली होती. त्यानं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी हीच म्हणून सांगितलं. अर्ज करायचा कंटाळा आला मला. त्याची वाटी बरोबर आहे. मीच गाढव आहे."

"पर्सी, गप्प बस," रूबेन म्हणाला. "तुझा झगा जाईल."

"जाऊ दे."

"ते समितीत बघू," टटल म्हणाले. "चूक कुणाचीही असो, तलवार निघायला हवी. कापा."

मेयरबाई उठल्या. सोनसाखळी गळ्यात, आणि आवाज मासळीबाजारातला.

"करवत खाली ठेव, रूबेन."

त्यानं वर पाहिलं.

"चाळीस साली यादी मी दिली होती तुला," बाई म्हणाल्या. "तू कापलंस, आणि ते तिकडे झुडपात कुजलं. सतरा वर्षं मी तुझ्या दारावरून मान खाली घालून जाते. तेव्हा माफी मागायला हवी होती, मागितली नाही. आज मागते. तुझं काम तुझ्या हातानं पुन्हा कापायला मी सांगणार नाही. दुसरा काही उपाय असेल तर कर. लागेल तेवढा वेळ घे."

रूबेननं करवत खाली ठेवली. मग म्हणाला, "वाटी तापवली तर फुगेल. मखमल वर आहे, तिला झळ लागायची नाही. मुठीला ओलं फडकं गुंडाळायचं. पण त्याला विस्तव हवा, आणि भट्टी तर इथे आणता येत नाही."

हिल्डा वेदीपाशी गेली आणि दोन्ही जाड मेणबत्त्या घेऊन आली. पाद्रीबुवांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

रूबेन मेणबत्त्यांकडे बघत राहिला. "आता हे करायचं का मी?"

"धर," ती म्हणाली. "देवाला नाही लावायच्या, वाटीला लावायच्यात."

अख्खं चर्च हसलं, आणि तोही. त्यानं एक मेणबत्ती मला दिली, एक स्वतः धरली, आणि आम्ही दोघं गुडघे टेकून वाटीखाली ज्योत फिरवत बसलो. हिल्डा मुठीवरचं फडकं भिजवत होती.

मेयरबाई लोकांकडे वळल्या. "ज्यांच्या घरी ओव्हन चालू आहे त्यांनी जावं. मी कुणाला नावं ठेवणार नाही."

कुणी हललं नाही. मी खाली वाकलेलो होतो, पण मला सगळे दिसत होते. शाळेचा गडी, धर्मशाळेची मुकादमीण, बागेपाशी राहणारे तिघे भाऊ. त्या वहीत सह्या करणारी हीच माणसं होती. अर्धा तास झाला. खिडकीतून कुणाच्या तरी घरच्या मांसाचा जळका वास यायला लागला, आणि ज्यांचं होतं त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. टटलनी घड्याळ काढलं, बायकोनं ते त्यांच्या हातातून काढून आपल्या पर्समध्ये टाकलं.

"आता," रूबेन म्हणाला. त्यानं सांडशीच्या बुडानं वाटीवर एक हलकी टिचकी मारली. "उचल. सरळ वर. आणि या वेळी जोर लावू नकोस, कृपा कर."

मी उचलली. लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली.

लोक उभे राहिले. मी टोपी घातली, तलवार धरली आणि निघण्यासाठी मेयरबाईंच्या पुढे जाऊन उभा राहिलो. रूबेननं फडक्यानं काजळी पुसली, वाटीवरून अंगठा फिरवला, मग पिळावरून, मग लव्हाळ्यांवरून वर, माशापर्यंत. कुठे ओरखडा नव्हता. मग तो मेयरच्या बाकावर बसला, मानाच्या गादीवर, आणि दोन्ही हातांनी बैठक धरून रडायला लागला. चाळीस साली रडला नव्हता, ते सगळं आता रडला.

मेयरबाई जागच्या हलल्या नाहीत, म्हणून मीही हललो नाही. त्याचं रडून होईपर्यंत आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो.